सुरमई आणि पहिलीच्या वर्गातला बाक

माझी बायको गेली त्याला आता आठ महिने झाले. लोक येतात, बसतात, म्हणतात, ती प्रभूच्या घरी गेली. असेल. पण आधी आमच्या घरातून गेली, ते कुणी बोलत नाही. परवा प्रार्थना करून, चहा पिऊन उठताना चर्चच्या मंडळीतले एक जण म्हणाले, "काका, काकूंबद्दल काहीतरी लिहा. मंडळीच्या अंकात छापू."

मी चौथी शिकलेला. जन्म बॉयलरपाशी गेला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि तिच्याबद्दल लिहायचं तर मला सुरमईबद्दल लिहावं लागतं, अन् सुरमईबद्दल लिहायचं तर माझ्या पापाबद्दल. तरी लिहितो. कुणाला लाज वाटली तर त्याने पान उलटावं.

आणीबाणी उठली त्या सुमारास आम्ही दोघं कुर्ल्याची खोली सोडून खाडीपलीकडे वाशीला राहायला आलो. मूळचे आम्ही नगरकडचे. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बॉयलरवर मदतनीस होतो. वाशी म्हणजे तेव्हा नुसता चिखल, आणि त्या चिखलात उभ्या केलेल्या तीन मजली इमारती. सगळ्या सारख्या. रंग तोच, जिना तोच, दाराचा हिरवा रंगसुद्धा तोच. इमारतींवर नंबर अजून रंगवायचे होते. पहिल्या आठवड्यात माणसं संध्याकाळी दुसऱ्यांच्या दारात उभी राहून स्वतःच्या बायकोला हाका मारायची.

म्हणून माझ्या बायकोने युक्ती केली. आमच्या गॅलरीत तिने जुनं लाल लुगडं वाळत घातलं. ओलं असो, कोरडं असो, ते तिथेच. "लाल दिसलं की वर यायचं," मला म्हणाली. "डोकं चालवायचं न्हाई."

त्या दिवशी मी डोकं चालवलं नाही. बदली कामगार आला नव्हता, म्हणून दोन पाळ्या लागोपाठ करून दुपारी घरी आलो. डोळे उघडे होते, पण आत माणूस नव्हता. लाल दिसलं, वर गेलो. चावी लावली, दार उघडलं. घरात कुणी नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं. मनात आलं, हे कधी घेतलं? पण बायको घेते काहीबाही. स्वयंपाकघरात झाकलेलं ताट होतं. उघडलं तर सुरमईच्या तळलेल्या तुकड्या. आठ. आमच्या घरात सात जन्मांत सुरमई शिजली नव्हती. मला वाटलं, नव्या घरात आलो म्हणून बायकोने हौस केली. उभ्या उभ्या आठही खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यालो आणि खाटेवर आडवा झालो.

जाग आली तेव्हा समोर भिंतीवर गणपतीचा फोटो. ताजा हार घातलेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की दोन पाळ्यांत बायकोने धर्म बदलला.

मग खाट बघितली, चादर बघितली, खुंटीवरचा कोट बघितला. आमच्याकडे कोट नव्हता. बूट हातात घेऊन मी जो सुटलो तो खालीच. खाली येऊन वर बघतो तर गॅलरीत लाल लुगडं. शेजारच्या इमारतीतही लाल. त्या घरच्या बाईंनी त्याच दिवशी आपलं लाल पातळ वाळत घातलं होतं. आता चूक झाली ती झाली. चूक म्हणजे पाप नव्हे, एवढं मला चौथी शिकून कळतं. पाप पुढे आहे.

घरी गेलो. बायकोने वांग्याचं कालवण केलं होतं. मी म्हटलं, "भूक न्हाई."

"दोन पाळ्या करून भूक न्हाई?"

"न्हाई."

मला माशाचा ढेकर आला. तिने माझ्याकडे बघितलं आणि वांग्यावर झाकण ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नळावरची बातमी घरात आली. शेजारच्या इमारतीत एक कोकणातलं कुटुंब होतं. नवरा मुंबईत कारकून, मोठी मुलगी लग्नाची. मुलीला बघायला त्या संध्याकाळी पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी ती सुरमई. घरची माणसं फुलं आणि मिठाई आणायला बाहेर गेली तेवढ्यात सुरमई संपली. कुलूप तुटलेलं नाही, कडी मोडलेली नाही. दुसरी चावी एकाच माणसाकडे होती. भांडी घासायला येणाऱ्या बाईकडे. जवळच्या गावठाणातली आगरी बाई. तिच्या सासऱ्याची शेतं याच इमारतींखाली गेलेली. तिला चोर म्हणून काढून टाकलं. मग त्या इमारतीतल्या बाकीच्या घरांनी काढलं, मग आमच्या इमारतीतल्या घरांनी. आठ तुकड्यांपायी सहा घरची कामं गेली.

मी त्याच वेळी जिना उतरून सांगायला हवं होतं, "मी खाल्ली." दोन शब्द. पण त्या रविवारी मला मंडळीचा पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांतला एक, करणार होते. बॉयलरवरच्या हेल्पराला मंडळीत पंच! नगरला भावाला पत्र गेलेलं. मी विचार केला, पंच झाल्यावर सांगू. पंच झाल्यावर विचार केला, आता पंचाने असं कसं सांगायचं?

हे माझं पाप. सुरमई नव्हे.

आमच्या मंडळीला तेव्हा चर्च नव्हतं. रविवारी एका मराठी शाळेत पहिलीचा वर्ग मिळायचा. पुढे पाळकसाहेबांचं टेबल, मागे फळ्यावर अ-आ-इ-ई, भिंतीवर आंब्याचं नि बदकाचं चित्र. माणसं पुढे सतरंजीवर बसायची, आणि पोरांचे बाक भिंतीला सरकवलेले असायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट. जुन्या मिशनची शिस्त माझ्या बापापासून मला माहीत. मनात कुणाचं वाईट धरलंय, कुणाचं वाईट केलंय, त्याने ती भाकर घ्यायची नाही. आधी जाऊन मिटवायचं. गावाकडे तर अशा माणसाला शिस्तीखाली ठेवायचे. तो मागे बसायचा आणि सगळ्यांना कळायचं.

भाकर माझ्यापर्यंत आली, माझा हात वर होईना. बायको शेजारी. तिने घेतली. मी उठलो आणि मागे भिंतीजवळच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे कानाला लागले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांकडे गेलो. "साहेब, मला शिस्तीखाली ठेवा."

"का? काय झालं?"

"मोठं पाप आहे."

"कोणतं?"

"ते सांगत नाही."

"मग शिस्त कशाची लावू, बाबा?"

"पापाची."

पाळकसाहेब भला माणूस. डोक्याला हात लावला. म्हणाले, "हे बघ, येशूने वधस्तंभावर सगळ्यांचं पाप आपल्या अंगावर घेतलं. माफी आधीच दिलेली आहे. तू फक्त कबूल हो आणि घे."

"सगळं आधीच झालंय तर मग मी कशाला आलोय?"

"तेच तर विचारतोय, तू कशाला आलायस?"

असं आमचं बोलणं दर दोन-तीन महिन्यांनी व्हायचं. ते शिक्षा देईनात, मग मीच घेतली. पंचपद सोडलं, त्या बाकावर बसलो. एक रविवार नाही, दोन नाही. सात वर्षं.

सात वर्षं माझी बायको पुढे सतरंजीवर एकटी बसली. शेजारची जागा हाताने झाकून ठेवायची, कुणाला बसू द्यायची नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी एकदा मागे वळून बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचो. मग ती भाकर घ्यायची.

घरी म्हणायची, "या ना हो पुढं."

"माझ्या पापाचं तुला काय कळणार?"

"मला न्हाई कळणार," असं म्हणून ती पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, रडते.

"देवाने माफ केलं असेल," मी म्हणायचो, "पण मी केलेलं नाही."

"म्हंजी तुमी देवाच्या वरचे सायब?"

मी बिडी घेऊन गॅलरीत जायचो.

माझ्या त्या बाकाचं पुढे भलतंच झालं. लोकांना त्याची सवय झाली. नव्याने आलेल्यांना वाटायचं, मागे बसलेला माणूस, डोळे मिटलेला, कुणाशी न बोलणारा, म्हणजे कुणीतरी मोठा भक्त असणार. एकदा जालन्याकडून आलेली एक बाई बाळ घेऊन माझ्यासमोर उभी. "बाबा, डोक्यावर हात ठेवा." मी म्हटलं, "बाई, मी पापी माणूस आहे." ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, किती नम्र!" हात ठेवावाच लागला.

मग कारखान्यातलाच एक वेल्डर माझ्या बाकावर येऊन बसायला लागला. म्हणाला, "मीही पापी. मी आईला शिवी दिली होती."

"एवढंच? अरे, हे पाप नाही, हे सर्दी-पडसं."

"तुमचं कोणतं?"

"सांगत नाही."

"मग मोठं कशावरून?"

तीन महिने आम्ही कुजबुजत भांडलो, कुणाचं पाप जास्त बाकाच्या लायकीचं म्हणून. शेवटी त्याचे गुडघे दुखायला लागले. पुढे सतरंजीवर जाऊन बसला आणि भाकर घेतली. मला त्याचा रागच आला. मनात म्हटलं, याला निष्ठा नाही.

आणखी एक छळ होता. दर वर्षी एकदा त्या कोकणातल्या घरातून आमच्याकडे ताट यायचं. झाकण उघडलं की सुरमईच्या तुकड्या. चार. पहिल्या वर्षी मी ताट लांब सरकवलं. बायको म्हणाली, "शेजारधर्म आहे. खा."

"नको."

"चांगली तळलीय."

"भूक न्हाई."

ती चारही एकटी खायची. काटे चोखून खायची, माझ्याकडे बघत.

आणि ती आगरी बाई? ती मला बाजारात दिसायची. सुकी मासळी घेऊन रस्त्याकडेला बसायची. सुकट, बोंबील. मी लांबून बघायचो आणि वाट बदलायचो. भांडी घासून सावलीत राहिली असती, मी उन्हात बसवली. घरात भाजी आणायची झाली तरी मी लांबच्या सेक्टरला जायचो. तिला काढल्यावर महिन्याभराने दोन्ही इमारतींतल्या सगळ्या घरांनी नवी कुलपं बसवली होती. माझ्या बायकोनेही मला बसवायला लावलं. प्रत्येक स्क्रू पिळताना वाटायचं, बघ, तिच्या भीतीने लोक कुलपं बदलतात. तुझ्यामुळे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास मंडळीला स्वतःची जागा मिळाली. साधाच हॉल, वर पत्रे, पण आत खुर्च्या. सगळे आनंदात. मी काळजीत. खुर्च्यांच्या हॉलमध्ये मी बसायचं कुठे? शेवटच्या खुर्चीवर? पण खुर्ची ती खुर्चीच, पहिली काय नि शेवटची काय. पाठ टेकते. मी शाळेत गेलो. तो बाक एका पायाने मोडका झाला होता. हेडमास्तरांना म्हटलं, "हा मला द्या."

"काका, हा भंगारात चाललाय. कशाला हवा?"

"बसायला."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "न्या."

नव्या हॉलचा पहिला रविवार, आणि प्रभुभोजनही त्याच दिवशी. मी पांढरा शर्ट घातला, पायाला फळी ठोकलेला बाक डोक्यावर घेतला आणि निघालो. हॉलच्या दारात बायको उभी. नवी साडी, हातात गायनाचं पुस्तक. दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवलेली.

"बाक आत येणार न्हाई," ती म्हणाली.

"बाजूला हो. लोक बघतायत."

"सात वर्सं बघतायत. आज बाक आत येणार न्हाई. तुमी या."

"मी बाकाशिवाय येणार नाही."

"मग जा त्या सुकटवालीकडं. आज रविवार, बाजार भरलेला असंल. तिला इचारा, बाक आत न्यायचा का बाहेर ठेवायचा. ती म्हणंल तसं करू."

माझ्या डोक्यावरचा बाक हलला. "सुकटवाली? तुला काय माहीत?"

"उपासना अर्ध्या तासात सुरू होती. पाय उचला."

मी गेलो. डोक्यावर बाक, अंगावर पांढरा शर्ट, रविवारचा बाजार. माणसं वाट देत होती. एक जण म्हणाला, "काका, शाळा आज बंद असते." मासळीच्या रांगेत शेवटी ती बसली होती, पोत्यावर. पुढे सुकटीचा ढीग, हातात माश्या हाकायची फांदी. मी बाक खाली ठेवला.

"काय देऊ, दादा?"

"मी सुरमई खाल्ली," मी म्हटलं.

"बरा झाला. मंग सुकट कशाला पायजे?"

"ती सुरमई. सात वर्षांपूर्वीची. तुमच्यावर आळ आला ती. मी खाल्ली. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

तिने फांदी खाली ठेवली नाही. एक माशी हाकलली आणि म्हणाली, "मना ठाव हाय."

"काय?"

"आरं, तुजी बायको आल्ती माज्या घरी. एक महिन्यानं. मना हाताला धरून त्या कोकनवालीच्या दारात नेली. म्हनली, दार लावा. त्यांनी लावला. तुज्या बायकोनं आपली चावी काढली नि खट्! दार उघडला. म्हनली, बघा, बिल्डिंगवाल्यांनी सगल्यांना एकच कुलूप दिलाय. आमच्या मान्साची सुरमई या बाईच्या अंगावर टाकू नका. मंग जो-तो आपली चावी घेऊन एकमेकांची दारा उघडत फिरला. दोन दिवस नुसता तमाशा."

नवी कुलपं. माझ्याच बाकावर बसलो.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगल्यांना. तुज्या पालकसायबालापन. तुज्या बायकोनं आन घातली, तो आपुन येल तवर कोनी बोलायचा नाय."

सात वर्षं मी एका गुपितावर बसलो होतो, आणि ते फक्त माझ्यापासूनच गुपित होतं. ते ताट टोमणा नव्हतं, बोलावणं होतं. बायको पदरामागे रडत नव्हती.

"मग कामावर परत का नाही गेलात?"

"थूत त्यांच्या भांड्यांवर. चोर बोलले ते बोलले. ही सुकट माजी हाय, इथं मना कोन काढतो?" मग तिचा आवाज थोडा खाली आला. "पन तो महिना वाईट गेला, दादा. नवऱ्यानं मारला. सासूनं चुलीपाशी येऊ दिला नाय. लय रडले मी."

"मला शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा. मी त्यासाठी आलोय."

"तवाच दिल्या शिव्या. तुला कुठं ऐकू जानार? तुज्या वाटनीचा रडून झालाय माजा. आता परत रडू का, तू उशिरा आलास म्हनून?"

"पण इतक्या पटकन माफ कसं करता? सात वर्षं..."

"पटकन कुठं? मी कवाच केला. तू आता आलास." तिने मागच्या गिऱ्हाईकाला सुकट मापून दिली आणि माझ्याकडे वळली. "ऊठ आता. धंद्याचा टायम हाय. नि ह्यो बाकडा कुनाचा?"

"माझा."

"ठेव इथं. पोत्यावर बसून माजी कंबर गेली."

मी म्हटलं, "हा मला चर्चमध्ये..."

"देतोस का नाय?"

मी उठलो. ती पोत्यावरून उठून बाकावर बसली, दोन्ही बाजूंना हलून बघितलं, म्हणाली, "लय बरा हाय." माझ्यासारख्या उंच माणसाचे त्यावर गुडघे कानाला लागायचे. ती ठेंगणी होती, तिच्या मापाचा होता.

परत येताना डोकं हलकं लागत होतं. सारखा हात वर जायचा, बाक धरायला. पाळकसाहेब सात वर्षं सांगत होते ते मला मासळीबाजारातून हॉलपर्यंतच्या वाटेत कळलं. थोडंसंच कळलं, पण कळलं. मी समजत होतो, माफी म्हणजे देव सगळं विसरतो, डोळ्यावर कातडं ओढतो. तसं नाही. ज्याचं वाईट झालं त्याला सगळं लागलेलं असतं. तो महिना कुणीतरी भोगलेला असतो. माझ्या वाटणीचं कुणीतरी आधीच रडून ठेवलेलं असतं, आणि मी तिकडे पोरांच्या बाकावर बसून परत रडायला मागत असतो, माझ्या मानाचं रडणं म्हणून. वधस्तंभ मी जन्मल्यापासून भिंतीवर बघत आलो. त्याच्यावरचा माणूस कुणाच्या वाटणीचं भोगतोय, हे मला सुकटीच्या वासात समजलं. पाळकसाहेबांनी माफ करावं.

हॉलमध्ये उपासना सुरू झाली होती. बायको तिसऱ्या रांगेत. शेजारच्या खुर्चीवर तिचा हात. मी गेलो तसा तिने हात उचलला. सगळी मंडळी वळून बघत होती आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू. ती जालन्याची बाईसुद्धा हसत होती.

"बाक कुठाय?" बायकोने हळूच विचारलं.

"तिने ठेवून घेतला."

"चांगलं झालं."

"तू मला सात वर्षं सांगितलं नाहीस."

"दर महिन्याला बोलवत होते की. आन् काय सांगायचं?"

भाकर आली. पाळकसाहेब हसू दाबत होते. मी तुकडा घेतला आणि एकदम तोंडात टाकला. सात वर्षांची भूक. घशात अडकला, ठसका लागला. बायकोने पाठीवर थाप मारली आणि कानाशी म्हणाली, "सुरमई न्हाई ती. दमानं खा."

त्यानंतर शेवटपर्यंत, दर पहिल्या रविवारी, भाकर माझ्या हातात आली की ती तेच म्हणायची. मी दर वेळी म्हणायचो, "पुरे आता." तिने कधी पुरे केलं नाही.

आता तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. लोक बसायला येतात, मी हात ठेवतो. भाकर येते. कुणी काही बोलत नाही. तरी मी दमानं खातो.